एका कुत्र्यामागे दहा वर्षांचा शब्द: गाइड डॉग देणारी संस्था कोण चालवतं आणि कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा विषय बहुधा मोबाइलवर आलेल्या एखाद्या व्हिडिओमुळे निघतो. परदेशातली एक अंध बाई, हातात कडक दांड्याचा पट्टा, पुढे तिला वाट काढून देणारा गाइड डॉग, पिवळट रंगाचा लॅब्रॅडॉर, आणि दोघं भर रहदारीतून सरळ चालत निघून जातात. मग मंडळाच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, "हे आपल्याकडच्या अंध पोरांना का मिळू नये? एक संस्था काढूया." लगेच लॅब्रॅडॉरची चांगली पिल्लं कुठं मिळतात याची चौकशी सुरू होते.

मनातली तळमळ खरी असते, पण चौकशीची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. पिल्लू विकत मिळतं. त्याच्यावर दोन वर्षांनी एका माणसाचा जीव सोपवायचा की नाही, हे ठरवणारी माणसं विकत मिळत नाहीत. कुत्रं हाती दिल्यावर पुढची आठ-दहा वर्षं त्या दोघांच्या पाठीशी उभी राहणारी माणसंही बाजारात मिळत नाहीत. हा लेख त्या माणसांबद्दल आहे: संस्थेच्या खुर्च्यांवर कोण बसतं, काय ठरवतं, आणि कुठं घसरतं.

आधी कुत्र्याचं काम समजून घेऊ, कारण वरच्या खुर्चीतली अर्धी चूक इथल्या गैरसमजातून होते. गाइड डॉगला "पोस्टात ने" म्हटलं की ते पोस्टात नेत नाही. रस्ता माणसाला पाठ असावा लागतो. किती चौक ओलांडायचे, कुठं वळायचं, हे माणूस ठरवतो आणि कुत्र्याला सांगतो. सरळ रेषेत चालणं, अडथळा टाळणं, कडेला आणि पायरीला थांबणं, सांगितल्यावर दार किंवा जिना शोधून देणं एवढं कुत्र्याचं काम. सिग्नल लाल आहे की हिरवा, हे कुत्रं पाहत नाही. वाहनांचा आवाज ऐकून "चल" म्हणायचं ते माणसानंच. मात्र माणसाचा अंदाज चुकला आणि गाडी अंगावर येत असली, तर आज्ञा मोडून जागेवर उभं राहायला कुत्र्याला शिकवलेलं असतं. ही समजून-उमजून केलेली अवज्ञा शिकवणं सगळ्यांत अवघड.

बेळगावच्या टिळकवाडीतला एखादा फुटपाथ डोळ्यांसमोर आणा. माणसाच्या डाव्या हातात हार्नेसचं, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्याचं, यू आकाराचं हँडल आहे. गटारावरची एक फरशी निघालेली आहे. कुत्रं चार-पाच फूट आधीच कलतं, हँडल तळव्यात किंचित फिरतं, मनगटाला ते कळतं आणि पाऊल आपसूक वळतं. पुढे तिरकी लावलेली स्कूटर आहे, तिचा आरसा कमरेच्या वर आलेला. कुत्रं स्वतः त्याच्या खालून आरामात जाऊ शकतं. पण माणसाच्या उजव्या खांद्याची रुंदी आणि डोक्याची उंची धरून चालायला ते शिकलेलं असतं, म्हणून ते वळसा घेतं. जागा नसेल तर थांबतं. थांबलं की माणूस पायानं किंवा हातानं चाचपतो, कशामुळे थांबलं ते समजून घेतो आणि शाबासकी देतो. ती शाबासकी चार वेळा राहिली, तर पाचव्या वेळी कुत्रं आरशाखालून सरळ निघून जातं.

यातून संस्थेचा पहिला नियम निघतो: ज्याला पांढरी काठी घेऊन एकट्यानं फिरता येत नाही, त्याला कुत्रं द्यायचं नाही. ऐकायला हे कठोर वाटतं. पण दिशा आणि रहदारीचं ज्ञान नसलेल्या माणसाच्या हाती कुत्रं दिलं, तर दोघंही घरात बसतात, सहा महिन्यांत कुत्र्याचं शिक्षण विरून जातं आणि माणूस स्वतःलाच दोष देत राहतो.

दरवर्षी दहा जोड्या: हिशेब मांडून पाहू

अध्यक्ष झालेल्या प्रत्येकानं हा हिशेब एकदा स्वतःच्या हातानं कागदावर करावा, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. समजा, दरवर्षी दहा कुत्री सुपूर्द करायची आहेत.

प्रशिक्षणाला आलेली सगळी कुत्री पास होत नाहीत. चांगल्या जुन्या संस्थांतसुद्धा तीन-चार दशांश ते निम्मी गळतात. आपण निम्मी धरू. म्हणजे दहा हवी असतील, तर वीस कुत्री प्रशिक्षणाला उभी राहिली पाहिजेत. त्याआधी लहानपणी काही तब्येतीमुळे तर काही भित्रेपणामुळे बाजूला पडतात, म्हणून आठ आठवड्यांची चोवीसेक पिल्लं लागतात. लॅब्रॅडॉरच्या एका वेतात सहा-आठ पिल्लं होतात, म्हणजे वर्षाला तीन-चार वेत. ही वेतं बाजारातली चालत नाहीत. आई-बापांच्या खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि स्वभावाची नोंद पिढ्यान् पिढ्या ठेवावी लागते, कारण खुब्याचा दोष दीड वर्षाचा होईपर्यंत लपून राहू शकतो आणि तोपर्यंत सगळा खर्च झालेला असतो.

पिल्लू साधारण दोन महिन्यांचं झालं की ते पालक कुटुंबात जातं आणि चौदा ते अठरा महिन्यांपर्यंत तिथं राहतं. त्या घराचं काम म्हणजे जग दाखवणं: बाजार, मंदिराच्या पायऱ्या, प्रेशर कुकरची शिट्टी, लग्नाची वरात, बसस्टँड. चोवीस पिल्लं आणि सव्वा वर्ष, म्हणजे कुठल्याही क्षणी तीसेक कुटुंबं हाताशी हवीत. ती बिनपगारी असतात. महिन्यातून एकदा समन्वयकानं त्यांच्या घरी जाऊन पिल्लू पाहिलं नाही, तर "बिचारं मागतं म्हणून" ताटातली भाकरी देणं सुरू होतं आणि जमिनीवरचं उचलून खाणारं कुत्रं तयार होतं. ही सवय पुढे सुटता सुटत नाही. खडेबाजारात भज्याचा तुकडा दिसला की ते नाक खाली घालतं, आणि हँडल धरलेला माणूस त्याच्याबरोबर ओढला जातो.

मग चार ते सहा महिन्यांचं मुख्य प्रशिक्षण. एक प्रशिक्षक एका वेळी चार-सहा कुत्री सांभाळतो. शेवटची चाचणी प्रशिक्षक स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून देतो, आणि दुसरा जाणकार मागून चालत गुण लिहितो. त्यानंतर अंध व्यक्ती आणि कुत्रं यांची जोडी जमवून तीन-चार आठवडे दोघांना एकत्र शिकवलं जातं. जोडी जमवताना माणसाच्या चालण्याचा वेग, हाताची ताकद, उंची, घर, नोकरी, रोजचे रस्ते हे सगळं पाहतात. झपाझप चालणाऱ्या तरुणाला सावकाश कुत्रं दिलं, तर तो वैतागतो. सांधे दुखणाऱ्या मावशींना ओढाळ कुत्रं दिलं, तर त्या पडतात. जन्मापासून सुपूर्द होईपर्यंत दोन वर्षं सहज जातात.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात. पुढचा मात्र सुटतो, आणि संस्था तिथंच बुडते. गाइड डॉग साधारण आठ वर्षं काम करतं. दरवर्षी दहा याप्रमाणे आठ वर्षांत ऐंशी जोड्या रस्त्यावर आल्या. नवव्या वर्षी पहिली दहा कुत्री निवृत्त झाली. त्या दहा माणसांना आता दुसरं कुत्रं हवं, आणि ती आधीपासून कुत्र्यावर विसंबून जगत असल्यानं त्यांना आधी द्यावंच लागतं. म्हणजे नवव्या वर्षापासून संस्थेची दहाच्या दहा नवी कुत्री जुन्या माणसांनाच जातात. यादीत थांबलेल्या नव्या अर्जदाराला एकही नाही. ताकद तेवढीच ठेवली, तर संस्था कायमची ऐंशी माणसांवर थांबते. म्हणून वाढ कुठवर करायची आणि कुठं थांबायचं, हे पहिल्याच वर्षी ठरवणं हे नेतृत्वाचं काम.

ऐंशी जोड्यांचा पाठपुरावाही मोजा. नव्या जोडीला पहिल्या वर्षी पाच भेटी आणि जुन्यांना वर्षाला एक धरली, तर पन्नास आणि सत्तर मिळून १२० भेटी. खानापूर शहरापासून जवळ आहे, पण निपाणी पाऊणशे किलोमीटरवर, अथणी त्याहून लांब. एका भेटीत दिवस जातो. म्हणजे एका पूर्णवेळ प्रशिक्षकाचं अर्धं वर्ष नुसत्या ठरलेल्या भेटींत गेलं. "कुत्रं जिन्याला अडखळतंय, लवकर या" असे फोन वेगळे.

कोणता निर्णय कुणाचा

आपल्या भागात पतसंस्था, दूध सोसायट्या, शिक्षण मंडळं भरपूर. त्यामुळे अध्यक्ष, सचिव, संचालक ही रचना सगळ्यांना ठाऊक आहे. गाइड डॉगच्या संस्थेत एक गोष्ट मात्र निराळी असावी लागते: दोन निर्णयांना संचालक मंडळानं हात लावायचा नाही. कुत्रं पास की नापास, हा पहिला. कुठलं कुत्रं कुणाला, हा दुसरा. दोन्ही तांत्रिक प्रमुखाचे, म्हणजे प्रशिक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचे, आणि तसं संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असावं.

हे लिहून ठेवण्याचं कारण आहे. वार्षिक कार्यक्रम ठरलेला असतो, पाहुणे येणार असतात, देणगीदाराला "यंदा पाच कुत्री" असं सांगून झालेलं असतं, आणि तयार असतात तीनच. उरलेल्या दोघांपैकी एक मांजर दिसलं की झेपावतं, दुसरं ट्रकच्या एअर हॉर्नला बिचकतं. "कार्यक्रम तर होऊ दे, नंतर शिकवू" असं एक वाक्य उच्चारलं गेलं की चौकात पडणारा माणूस ठरून गेला. तसंच शिफारसपत्राचं. यादीत पुढे घ्या म्हणून कुणा मोठ्या माणसाचं पत्र आलं, तर अध्यक्षांना उत्तर देता आलं पाहिजे: "जोडी जमवणं आमच्या हातात नाही, घटनेत तसं आहे." नकार देणाऱ्या अध्यक्षालाही मग आधार मिळतो.

संचालक मंडळाची कामं मग कोणती? मुख्य कार्यकारी नेमणं आणि वेळ आली तर बदलणं, पैशाचा ताळेबंद, वाढीचा वेग, प्राण्यांच्या वागणुकीवर स्वतंत्र नजर, आणि तक्रारी. तक्रारींवर थोडं थांबायला हवं. कुत्र्याची मालकी कुणाची, यावर जगात दोन रीती आहेत. अमेरिकेतल्या 'द सीइंग आय' या संस्थेत प्रशिक्षण पूर्ण झालं की कुत्रं अंध व्यक्तीच्या मालकीचं होतं. ब्रिटनच्या 'गाइड डॉग्ज' संस्थेत मालकी संस्थेकडे राहते. दुसऱ्या रीतीत आजारी किंवा हाल होत असलेलं कुत्रं परत घेणं सोपं जातं. पण एक मोठा धोका असतो: माणूस तक्रार करायला घाबरतो. "प्रशिक्षकाविरुद्ध बोललो आणि कुत्रं काढून नेलं तर?" ही भीती तो कुणाला सांगत नाही, आणि संस्थेला वाटतं सगळे खूश आहेत. मालकी संस्थेकडे ठेवायची असेल, तर तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षण विभागाबाहेरचीच हवी, आणि कुत्रं परत घेण्याची कारणं आधीच लिहून दिलेली हवीत.

प्रशिक्षकाबद्दलही एक गैरसमज आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव, माजी सैनिक भरपूर, त्यांच्यापैकी काहींनी कुत्री हाताळलेली. त्यांचा उपयोग नक्की होईल. पण पोलिसांचं किंवा लष्कराचं कुत्रं डोळस माणसाच्या हुकमावर चालतं, आणि इथं हुकूम मोडायचा कधी हे कुत्र्यानं ठरवायचं असतं. शिवाय हा प्रशिक्षक अंध माणसालाही शिकवणारा असतो. एका अंगात हे दोन पेशे तयार व्हायला अनुभवी माणसाच्या हाताखाली साधारण तीन वर्षं उमेदवारी लागते. संस्थेत असा एकच माणूस असेल आणि तो उद्या दुसरीकडे गेला, तर पंचवीस पिल्लं आणि तीस कुटुंबं अधांतरी राहतात. म्हणून पहिल्या प्रशिक्षकाच्या नेमणुकीबरोबरच दुसऱ्याची उमेदवारी सुरू करावी, पगार जड वाटला तरी.

अंध माणूस कुठल्या खुर्चीत

या कामाचा इतिहास थोडक्यात असा. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी पहिली शाळा काढली. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांची पैदास करणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये जर्मनीतल्या या कामावर लेख लिहिला. तो वाचून नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणानं त्यांना पत्र पाठवलं. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला, आणि २९ जानेवारी १९२९ रोजी 'द सीइंग आय' सुरू झाली. ब्रिटनमध्ये म्युरिअल क्रूक आणि रोझमंड बाँड या दोघींनी युस्टिसबाईंकडे मदत मागितली, तेव्हा त्यांनी आधी प्रशिक्षक पाठवला. १९३१ मध्ये वॉलसी गावात चार जोड्या तयार झाल्या आणि संघटना त्यानंतर, १९३४ साली उभी राहिली. हा क्रम बघण्यासारखा आहे: आधी शिकवणारा, मग चार कुत्री, मग संस्था. इमारत कितीतरी नंतर.

मॉरिस फ्रँक स्वतः अंध होता आणि संस्थेच्या मुळाशी होता, याचा ठसा पुढेही राहिला. 'द सीइंग आय' पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर घेते, नंतरच्या प्रत्येक कुत्र्याचे ५० डॉलर आणि माजी सैनिकांकडून एक डॉलर. खर्चाच्या मानानं ही रक्कम काहीच नाही. अमेरिकेतल्या संस्था स्वतःच एका जोडीचा खर्च ५० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त सांगतात, म्हणजे आपले ४० लाखांच्या वर. तरी ते दीडशे डॉलर घेतले जातात, कारण घेणारा माणूस उपकाराखाली न दबता, पैसे मोजून आपलं कुत्रं घेऊन जातो. वर अंध माणूस बसलेला असला की असे निर्णय सुचतात. याच संस्थेचे जिम कुच यांनी २००६ ते २०१९ या काळात अध्यक्षपद सांभाळलं. ते स्वतः अंध आणि तिथूनच कुत्रं घेतलेले. न्यूयॉर्क राज्यातल्या 'गाइडिंग आइज'चे प्रमुख असताना थॉमस पॅनेक या अंध गृहस्थांनी २०१९ मध्ये न्यूयॉर्कची अर्धमॅरेथॉन आपल्या संस्थेच्या तीन कुत्र्यांच्या साथीनं पूर्ण केली.

आपल्याकडे अंध व्यक्तीला स्टेजवर बोलावून शाल-नारळ देण्याची रीत आहे, मंडळाच्या टेबलावर मत देण्याची कमी. भारतानं २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करार सांगतो की दिव्यांगांबद्दलचे निर्णय त्यांना सोबत घेऊनच करावेत. आमच्या मते मंडळाच्या किमान एक-तृतीयांश जागा अंध व्यक्तींच्या असाव्यात, आणि बैठकीचे कागद निदान आठवडाभर आधी त्यांना वाचता येतील अशा रूपात मिळावेत. सीमाभागात इथं एक सोय आयती आहे. भारती ब्रेल सगळ्या भारतीय भाषांना एकच आहे. मराठीतला 'क' आणि कन्नडमधला 'क' दोन्ही ठिपके १ आणि ३. येळ्ळूरचा मराठी शाळेत शिकलेला सदस्य आणि गोकाकचा कन्नड शाळेत शिकलेला सदस्य बोटाखाली तीच अक्षरं वाचतात. भाषा वेगळी, म्हणून इतिवृत्त दोन्ही भाषांत काढावं लागेल. पण लिपीचं भांडण निदान त्या टेबलावर नाही.

पैसा: एका वर्षाचा निधी, आठ वर्षांचं काम

नोंदणी कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली करा, ट्रस्ट करा किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली करा, तिन्ही चालतात. सोसायटीत दर निवडणुकीला पॅनेलं पडतात आणि तांत्रिक माणसं त्यात भरडली जातात. ट्रस्टमध्ये तहहयात विश्वस्त खुर्ची सोडत नाहीत. कुठलाही मार्ग घेतला तरी पदाची मुदत लिहून ठेवावी: तीन वर्षं, फार तर दोनदा. संस्थापकालाही ती लागू.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीसाठीचा (सीएसआर) निधी मिळू शकतो, कारण दिव्यांगांसाठीचं काम त्यात बसतं. पण तो बहुधा वर्ष-दोन वर्षांच्या प्रकल्पाला मिळतो, आणि कंपनीला दाखवायला आकडा हवा असतो: इतकी पिल्लं, इतकी कुत्री. सहाव्या वर्षीच्या पाठपुराव्याच्या भेटीला कुणी निधी देत नाही. परदेशी देणगी घ्यायची तर परदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी. त्यासाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी आणि काम केलेली असावी लागते, रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. ब्रिटनची संस्था मोठ्या प्रमाणावर मृत्युपत्रांतून मिळणाऱ्या रकमांवर चालते. आपल्याकडे ती सवय अजून रुजलेली नाही.

यावर एकच खात्रीचा उपाय आम्हाला दिसतो. कुत्रं सुपूर्द करण्याआधी त्याच्या पुढच्या आठ वर्षांच्या भेटींचा, लशींचा आणि अडीअडचणीच्या उपचारांचा खर्च वेगळ्या ठेवीत टाकायचा. ठेव नसेल तर कुत्रं द्यायचं नाही. खाण्याचा खर्च कुणाचा हेही आधी ठरवावं. तीस किलोचा लॅब्रॅडॉर रोज साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास सुकं खाद्य खातो, म्हणजे महिन्याला साडेदहा किलो. छोट्या पेन्शनवर चालणाऱ्या घराला हे झेपत नाही. तिथं संस्थेनं मोकळेपणानं भार उचलावा, नाहीतर कुत्रं उरलेल्या भातावर राहतं आणि वर्षभरात त्याच्या कातडीवर ते दिसायला लागतं.

बेळगावच्या रस्त्यावर आणल्यावर

परदेशी पद्धत जशीच्या तशी इथं उतरत नाही, आणि हे ओळखणं तांत्रिक प्रमुखाचं काम. कडेला थांबणं हा कुत्र्याच्या शिक्षणाचा पाया. कॅम्पात फुटपाथला कड आहे. अनगोळ, वडगाव, शहापूरच्या गल्ल्यांत घराची पायरी संपली की रस्ताच. मग चौक आला हे कुत्र्यानं कशावरून ओळखायचं, याची वेगळी खूण ठरवून शिकवावी लागते. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहनं ऐकू यावीत म्हणून उजव्या कडेनं चाललं, तर डाव्या हाताचं कुत्रं रस्त्याच्या बाजूला येतं. हा पेच प्रत्येक वाटेपुरता जागेवर जाऊन सोडवावा लागतो.

भटकी कुत्री ही इथली सगळ्यांत गंभीर अडचण. गाइड डॉग हार्नेसमध्ये असताना पळू शकत नाही, भांडू शकत नाही. एका जबर हल्ल्यानंतर चांगलं कुत्रं कायमचं कामातून जाऊ शकतं. ब्रिटनमध्येही असं घडलेलं आहे. म्हणून कुत्रं देण्याआधी त्या माणसाची रोजची वाट सकाळी, दुपारी आणि रात्री चालून टोळ्या मोजाव्यात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच जागी सोडतात, म्हणजे टोळी जागेवरच राहते, फक्त शांत होण्याची शक्यता वाढते. महापालिकेबरोबर त्या वाटेवरच्या गल्ल्यांचं काम आधी करून घ्यावं. वाट सुरक्षित होत नसेल, तर काठीच बरी, असं अर्जदाराला तोंडावर सांगावं.

बसचंही तसंच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना मोफत प्रवास आहे, आणि सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. कुत्र्यानं सीटखाली शेपूट आत घेऊन बसायला हवं, आणि "कुत्रं गाडीत चालत नाही हो" म्हणणाऱ्या कंडक्टरला समजावण्यासाठी परिवहन महामंडळाचं कन्नडमधलं पत्र त्या माणसाच्या खिशात हवं. तेही एकट्यादुकट्यानं मिळत नाही. संस्थेच्या प्रमुखानं डेपो मॅनेजरपर्यंत जाऊन ते मिळवायचं असतं.

पावसाळा वेगळाच. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, धो धो पावसात छत्रीवरच्या आवाजात वाहनाचा आवाज बुडतो, म्हणजे माणसाचा कान निकामी झाला. पाण्यानं भरलेला खड्डा कुत्र्याला सपाट दिसतो, म्हणजे त्याचा डोळा फसला. अशा दिवशी बाहेर पडू नये, हे शिकवण्यात लाज कसली? गोचिडांचा ताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा जोर याच काळात असतो, त्यामुळे लशी आणि गोचिडांचं औषध पावसाआधी. उलट अथणी-रायबागकडे एप्रिल-मेमध्ये डांबर तापतं. उलटा तळहात डांबरावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर पंजेही ठेववत नाहीत.

आज्ञांची भाषाही ठरवावी लागते. "चल" आणि "थांब" हे शब्द रस्त्यावर दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतं. घरी मराठी, शेजारी कन्नड, दवाखान्यात इंग्रजी, आणि प्रत्येक जण कुत्र्याशी आपल्या भाषेत बोलणार. म्हणून आठ-दहा छोटे, एकमेकांपासून वेगळे ऐकू येणारे शब्द निवडून पिल्लू पालकांपासून सगळ्यांनी तेच वापरायचे. घरच्यांनी आज्ञा द्यायच्याच नाहीत.

आणि मुधोळ जातीचं कुत्रं? हा प्रश्न येतोच, कारण मुधोळ शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात आणि आपल्या सगळ्यांना त्या जातीचा अभिमान. घोरपडे राजांनी ती जोपासली, लष्करानंही तिची चाचणी घेतली. पण ते नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे. दूरवर काही हललं की धाव घेणं त्याच्या रक्तात आहे, आणि अनोळखी गर्दीत ते सहसा रमत नाही. गाइड डॉगला नेमकं उलट हवं: ससा समोरून गेला तरी ढिम्म, दहा अनोळखी हात लागले तरी शांत, आणि पालकाकडून प्रशिक्षकाकडे, तिथून मालकाकडे असं दोनदा घर बदलून पुन्हा जीव लावणारं. जातीचा मोठेपणा त्यानं कमी होत नाही, काम निराळं आहे.

सुरुवात करायचीच असेल तर

पहिली तीन वर्षं कुत्रं नको. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेनं दिसू लागतं. म्हणून तालुक्यातल्या अंध व्यक्तींची यादी करताना प्रत्येकाची नेत्रतपासणी आधी. कायद्यानं चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं), किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरलं जातं. अशा व्यक्तींना काठीचं रीतसर शिक्षण द्यावं: घरात, अंगणात, गल्लीत, मग चौकात, मग बसमध्ये. हे काम करता करता संस्थेला काठीनं फिरायला शिकवणारे दोन (मोबिलिटी) प्रशिक्षक मिळतात, वाटांची माहिती जमते, आणि कुत्रं खरोखर कुणाला उपयोगी पडेल ते कळतं. शंभर काठीवाल्यांतून कुत्रं हवं असणारे आणि झेपणारे थोडेच निघतील. त्यांच्यासाठी मग आंतरराष्ट्रीय गाइड डॉग फेडरेशनच्या एखाद्या सदस्य संस्थेशी बोलावं. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाची मानकं कुत्र्याच्या पैदाशीपासून प्रशिक्षकाच्या शिक्षणापर्यंत सगळ्याला लागू होतात. आपला एक उमेदवार तिकडे शिकायला पाठवता आला, तर पिल्लांची चौकशी त्यानंतर.

पहिल्या कुत्र्याच्या निवृत्तीचा विचारही त्याच वेळी व्हावा. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी कुत्रं जिन्यावर थबकायला लागतं, हँडलमधली ओढ मंदावते. माणसाला ते सगळ्यांत आधी कळतं आणि तोच ते लपवतो. सहा महिने तो कुत्र्याच्या वाट्याचं काम स्वतःच्या कानांवर घेतो, कारण जीव जडलेला असतो. म्हणून आठव्या वर्षापासून वर्षाला दोन भेटी, एक पशुवैद्यकासह. निर्णय तिघांचा: माणूस, प्रशिक्षक, डॉक्टर. निवृत्त कुत्रं घरीच ठेवण्याचा पहिला हक्क त्या माणसाचा, नंतर ज्यांनी ते पिल्लू असताना वाढवलं त्या कुटुंबाचा. मधले काही महिने कोपऱ्यातली काठी पुन्हा हातात येते, आणि त्याच घरात हार्नेस खुंटीला, कुत्रं चटईवर. "माझा नंबर कधी?" असा फोन त्या महिन्यांत संस्थेत येतो. तो उचलणाऱ्याजवळच्या वहीत महिना आणि वर्ष लिहिलेलं असावं लागतं, आणि ते आठ वर्षांपूर्वी लिहायला सुरुवात केलेली असली तरच असतं.